परदेशात स्वतःची प्रॅक्टिस: व्हिसा वेगळा, लायसन्स वेगळं

यावेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. डॉक्टर, डेंटिस्ट, फिजिओ, आर्किटेक्ट अशी शिकलेली, हाताशी थोडेफार पैसे साठलेली माणसं विचारतायत की इन्व्हेस्टर व्हिसा काढून बाहेर स्वतःचं काम सुरू करता येईल का. बऱ्याच जणांनी घरातल्या गोष्टी आणि बँकेतली शिल्लकही मोकळेपणाने लिहिलीय, म्हणून कुणाचंच नाव छापत नाही.

प्रश्न : ताई, मी बीडीएस, मिस्टर एमडीएस, स्वतःचं क्लिनिक चांगलं चालतंय. एका एजंटने सांगितलं की अमेरिकेचा ई-टू नावाचा इन्व्हेस्टर व्हिसा आहे, दीड लाख डॉलर गुंतवा, टेक्सासमध्ये डेंटल क्लिनिक टाका, सहा महिन्यांत मुलांसकट तिकडे जाल. त्यासाठी फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक टोकन घेऊन तयार आहे. घेऊ का?

टोकन घेऊ नका. आधी हे सगळं वाचा आणि मग ठरवा.

ई-टू व्हिसा खराच आहे, एजंटने तो मनाने रचलेला नाही, पण तो फक्त अशा देशांच्या नागरिकांना मिळतो ज्यांचा अमेरिकेशी त्यासाठीचा करार आहे आणि भारत त्या यादीत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवर दीड लाख काय, दीड कोटी डॉलर नेले तरी ई-टू मिळणार नाही, हे कुठल्याही अमेरिकन कॉन्सुलेटच्या साईटवर पाच मिनिटांत वाचता येतं. एजंटला तुम्ही हे विचारलंत की तो बहुतेक पुढचं पान उघडेल, ते म्हणजे ग्रेनाडा किंवा तुर्कस्तानचं नागरिकत्व पैसे गुंतवून घ्या, ते करारातले देश आहेत, मग त्या पासपोर्टवर ई-टू काढू. काही वर्षांपूर्वी लोक असं करायचे. पण 2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा बदलला, आता गुंतवणुकीतून नागरिकत्व घेतलेल्या माणसाला त्या देशात सलग किमान तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं, त्यानंतरच ई-टूचा अर्ज. तीन वर्षं चालतं क्लिनिक बंद ठेवून ग्रेनाडात राहायची तुमची तयारी आहे का? शिवाय दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला इथे येण्या-राहण्याची सवलत देणारं कार्ड, मिळू शकतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे एजंट लोक शेवटी सांगतात, कधी कधी सांगतच नाहीत.

आता समजा व्हिसाचं कसंतरी जमलं, तरी खरी अडचण त्याच्या पुढे आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. व्हिसा म्हणजे त्या देशात राहायची आणि धंदा चालवायची परवानगी, पेशंटच्या तोंडात हात घालायची परवानगी तो देत नाही. ती देतं त्या त्या राज्याचं डेंटल बोर्ड, आणि बोर्डाला तुमच्या गुंतवणुकीशी काही देणंघेणं नाही. भारतातल्या बीडीएसवर बहुतेक राज्यांत थेट लायसन्स मिळत नाही. आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा द्यायची, मग तिथल्या मान्यताप्राप्त डेंटल कॉलेजात ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा, म्हणजे बाहेर शिकलेल्या डेंटिस्टांसाठीचा, साधारण दोन ते तीन वर्षांचा कोर्स करून डीडीएस किंवा डीएमडी ही तिथली डेंटल डिग्री घ्यायची, आणि मग राज्याचं लायसन्स. मिस्टरांचं एमडीएस आहे म्हणून ही पायरी आपोआप गळत नाही.

तुम्ही म्हणाल मग आम्ही फक्त मालक राहू, हातात इन्स्ट्रुमेंट घेणारे डॉक्टर पगारावर ठेवू. टेक्साससारख्या राज्यात डेंटल प्रॅक्टिस लायसन्सवाल्या डेंटिस्टच्याच मालकीची असावी लागते, पैसेवाला कुणीही मालक होऊ शकत नाही. मेडिकल प्रॅक्टिसबद्दल कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्येही कडक नियम आहेत. म्हणजे तिथे लायसन्स नाही तर मालकी नाही आणि मालकी नाही तर इन्व्हेस्टर व्हिसाचा पायाच नाही, अशी ही गाठ आहे आणि ती पैशाने सुटत नाही.

तुम्हाला जायचंच असेल, मनापासून असेल, तर रस्ता लांब आहे पण सरळ आहे. दोघांपैकी एकाने आधी आयएनबीडीई द्यावी, इथे क्लिनिक चालू ठेवून अभ्यास होतो. मग स्टुडंट व्हिसावर कोर्स, मग ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी, मग नोकरीचा एच-वन-बी व्हिसा. स्वतःची प्रॅक्टिस त्याच्याही पुढे. बहुतेक भारतीय डेंटिस्ट याच वाटेने तिथे पोचलेत. फ्लॅट विकायचा की नाही हे पहिली परीक्षा पास झाल्यावर ठरवा.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट, डिग्री भारतातली, पण बरीच वर्षं कॅनडात आहे आणि आता कॅनेडियन पासपोर्ट आहे. अमेरिकेत स्वतःचं क्लिनिक काढायचं तर ई-टू जमेल का, आणि कमीत कमी किती पैसे लागतील? टीएनवर जाऊन काढलं तर?

टीएन, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांना ठरावीक व्यवसायांतल्या नोकरीसाठी मिळणारी अमेरिकेची परवानगी, आधी बाजूला काढूया. टीएनच्या यादीत फिजिओथेरपिस्ट आहे हे बरोबर, पण टीएनवर स्वतःच्याच धंद्यात काम चालत नाही, कुणाची तरी नोकरी लागते. काही जण बायकोच्या नाहीतर मित्राच्या नावाने कंपनी काढून स्वतः नोकर होतात, बॉर्डरवरचा ऑफिसर तेवढं शोधून काढतो आणि मग पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. तो मार्ग नको.

ई-टू मात्र तुम्हाला खुला आहे, कॅनडा करारातला देश आहे. तुम्ही कुठे जन्मलात, डिग्री कुठली, याने फरक पडत नाही, पासपोर्ट बघतात. आणि टीएनसारखं थेट बॉर्डरवर जाऊन होत नाही, कॅनेडियन माणसालाही ई-टूसाठी कॉन्सुलेटमधून व्हिसा घ्यावा लागतो.

किमान रक्कम कायद्यात लिहिलेलीच नाही. बघतात ते हे की धंदा उभा करायला एकूण जेवढे लागतात त्यातले तुमचे किती, आणि धंदा जितका लहान तितका तुमचा वाटा जास्त हवा. छोट्या फिजिओ क्लिनिकचा सगळा खर्च समजा लाख डॉलर असेल तर त्यातले जवळजवळ सगळे तुम्हीच घातलेले दिसले पाहिजेत, वीस हजार माझे आणि उरलेलं मशीनच्या हप्त्यावर असं चालणार नाही. धंद्याचीच मालमत्ता तारण ठेवून काढलेलं कर्ज तुमच्या गुंतवणुकीत धरत नाहीत. कॅनडातलं स्वतःचं घर तारण ठेवून काढलेलं कर्ज धरतात, कारण बुडालं तर ते तुमचं बुडतं. बँकेत नुसते पडून असलेले पैसे म्हणजे गुंतवणूक नाही. जागेचं लीज सही झालेलं हवं, डिपॉझिट दिलेलं, टेबलं आणि मशीनं घेतलेली किंवा ऑर्डर दिलेली. आता कुणालाही भीती वाटणारच की व्हिसा नाकारला तर एवढं सगळं गेलं, त्यासाठी एस्क्रोची सोय आहे, पैसे तिसऱ्याकडे अडकवून ठेवायचे आणि व्हिसा मिळाला की ते समोरच्याला जातील अशी अट घालायची, हे मान्य होतं. चालू क्लिनिक विकत घेत असाल तर एस्क्रोशिवाय सहीच करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे धंद्यातून फक्त तुमचं घर चालेल एवढंच निघत असेल तर नाकारतात. आज निघालं नाही तरी पाच वर्षांत त्याच्या वर जाईल हे बिझनेस प्लॅनमध्ये पटवावं लागतं. एकटा फिजिओ, एक खोली, दिवसाला आठ पेशंट, हा प्लॅन कागदावर कितीही सुंदर लिहिला तरी लंगडाच. रिसेप्शनला एक माणूस, एक असिस्टंट, दुसऱ्या वर्षी अजून एक थेरपिस्ट असं दिसायला हवं. आणि इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, क्लिनिक उघडलं म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांचे पैसे यायला लागले असं होत नाही, त्यांच्या पॅनलवर नाव लागायला महिने जातात, तेवढे महिने भाडं आणि पगार खिशातून. प्लॅनमध्ये पहिल्या महिन्यापासून पूर्ण कमाई दाखवली तर ज्याला या धंद्यातलं कळतं तो ऑफिसर लगेच प्रश्न विचारेल.

लायसन्सचं तुम्हाला माहीत असेलच तरी लिहिते, डिग्री भारतातली असल्याने आधी तिचं मूल्यमापन, बहुतेक एफसीसीपीटी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून, आणि मग एनपीटीई ही फिजिओंची राष्ट्रीय परीक्षा. कॅनडाचं रजिस्ट्रेशन आहे म्हणून हे माफ होत नाही. लीजवर सही करण्याआधी हे हातात असू दे.

घरच्यांचं म्हणाल तर ई-टूवरच्या माणसाच्या नवरा-बायकोला तिथे नोकरी करता येते, वेगळं परमिट काढावं लागत नाही. मुलांना 21 वर्षांपर्यंत राहता येतं, नंतर त्यांची सोय वेगळी बघावी लागते. दर एन्ट्रीला दोन वर्षं मिळतात, धंदा चालू आहे तोवर पुन्हा पुन्हा वाढवता येतं, पण त्यातून ग्रीनकार्ड आपोआप होत नाही. तुमची मुलगी आत्ता दहावीच्या वयाची आहे असं लिहिलंयत, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी पैशाहून मोठा आहे.

प्रश्न : सर्जन आहे. अमेरिकेच्या ईबी-फाइव्ह या इन्व्हेस्टर व्हिसात आठ लाख डॉलर घालून स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं तर ग्रीनकार्ड मिळतं असं ऐकलं. वडिलोपार्जित जमिनीचे पैसे आलेत. एकरकमी पाठवता येतील का?

सर, यात तीन गोष्टी एकात मिसळल्यात.

आठ लाख डॉलरचा आकडा ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातल्या आणि सरकारी पायाभूत कामांच्या प्रोजेक्टसाठी आहे, बाकी सगळीकडे साडेदहा लाख, हे 2022 च्या कायद्याने ठरलं आणि 2027 च्या सुरुवातीला रकमा महागाईप्रमाणे बदलायच्या आहेत. स्वतःच्या धंद्यात ईबी-फाइव्ह करता येतं, पण तिथल्या दहा माणसांना पूर्णवेळ नोकरी द्यावी लागते, आठवड्याला किमान 35 तास, आणि त्यात तुम्ही, मॅडम, मुलं धरत नाहीत. पार्टटाइम नर्स, बाहेरून येणारा भूलतज्ज्ञ, तेही नाही. सुरुवातीच्या हॉस्पिटलला हे फार जड जातं. म्हणून बहुतेक लोक रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेमार्फत, दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये पैसे घालतात, तिथे अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजतात. पण मग ते हॉस्पिटल तुमचं नाही, आणि पैसे परत मिळण्याची हमी नसते, कायद्यानेच ते पैसे जोखमीत असावे लागतात. कुणी हमी देत असेल तर ती हमीच तुमची केस पाडेल.

आधी मिळतं ते दोन वर्षांचं सशर्त ग्रीनकार्ड, ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत अट काढण्याचा अर्ज, तेव्हा नोकऱ्यांचा हिशोब दाखवायचा. भारतीयांसाठी साध्या, म्हणजे राखीव नसलेल्या, गटात रांग आहे, ग्रामीण प्रोजेक्टसाठी 20 टक्के व्हिसा राखीव आहेत, म्हणून तिकडे ओढा जास्त.

पैशाचं. भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएस या आरबीआयच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, एकरकमी आठ लाख नाही. मार्च आणि एप्रिल मिळून पाच लाख होतात, पण एकट्याच्या नावावर आठ लाख पुरे करायला चार आर्थिक वर्षं लागतील. घरच्या सगळ्यांचं लिमिट एकत्र करू असं सुचवणारे भेटतील, ज्याचा त्या गुंतवणुकीत हिस्साच नाही त्याच्या लिमिटमधून भांडवली गुंतवणूक करता येत नाही असा आरबीआयचा खुलासा आहे, तेव्हा बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय तसं करू नका. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घेतलेला कर, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसा अडकतो. आणि जमिनीचे कागद आत्तापासून गोळा करा, खरेदीखत, वारसनोंद, विक्रीचा करार, त्यावर भरलेला टॅक्स, बँकेतली प्रत्येक उडी. पैसा कायदेशीर मार्गाने आला हे मुळापासून दाखवावं लागतं, रोखीत घेतलेला एक रुपयाही तिथे उपयोगाचा नाही.

आणि सर, सगळ्यात महत्त्वाचं. ग्रीनकार्ड मिळालं तरी सर्जरी करता येणार नाही. त्यासाठी यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा, परदेशी डॉक्टरांसाठीचं ईसीएफएमजी सर्टिफिकेट आणि बहुतेक राज्यांत तिथली रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, लागते. तुमच्या वयात पुन्हा रेसिडेंट व्हायचं की सर्जरी सोडून फक्त राहायला जायचं, याचं उत्तर घरात बसून आधी शोधा. मुलांसाठी जात असाल तर तसं स्पष्ट म्हणा, तेही पूर्ण योग्य कारण आहे, फक्त मग हॉस्पिटलचं स्वप्न त्या हिशोबात धरू नका.

प्रश्न : आर्किटेक्ट आहे, लंडनमध्ये छोटं ऑफिस काढायचंय. 50 हजार पौंडाचा इन्व्हेस्टर व्हिसा आहे ना?

नाही. ब्रिटनचा 20 लाख पौंडाचा इन्व्हेस्टर व्हिसा 17 फेब्रुवारी 2022 ला बंद झाला. 50 हजार पौंड ही जुन्या इनोव्हेटर व्हिसाची अट होती, 2023 मध्ये त्याच्या जागी इनोव्हेटर फाउंडर आला आणि ठरावीक रकमेची अट गेली. वाटतं सोपं झालं, पण उलट आहे, आता मान्यताप्राप्त संस्थेने तुमची कल्पना नवी आहे, चालणारी आहे आणि वाढणारी आहे असं लिहून द्यावं लागतं. घरांची डिझाईनं करून देणारं चांगलं ऑफिस यात बसत नाही, तसली हजारो आहेत. तुमच्याकडे स्वतःचं काही तंत्र असेल, बांधकामाची वेगळी पद्धत, सॉफ्टवेअर, तर विचार करा. जमलं तर तीन वर्षांनी कायमस्वरूपी राहण्याचा अर्ज करता येतो, ही मोठी जमेची बाजू.

तिथे डिझाईनचं काम कुणीही करू शकतो, पण एआरबी या आर्किटेक्टांच्या नोंदणी मंडळाकडे नोंदणी झाल्याशिवाय पाटीवर आर्किटेक्ट लिहिणं गुन्हा आहे. कार्ड छापायच्या आधी लक्षात ठेवा.

प्रश्न : बीएएमएस आहे. अमेरिका की दुबई?

स्वतःचं आयुर्वेद क्लिनिक हवं असेल तर दुबई. अमेरिकेत एकही राज्य आयुर्वेदाच्या प्रॅक्टिसला लायसन्स देत नाही, तिथे तुम्ही वेलनेस सल्लागार म्हणून काम कराल, वैद्य म्हणून नाही. दुबईत डीएचए, म्हणजे तिथलं आरोग्य खातं, आयुर्वेदाला पारंपरिक चिकित्सेत धरून लायसन्स देतं. त्यासाठी डिग्री आणि अनुभवाची डेटाफ्लो या कंपनीकडून पडताळणी होते, म्हणजे ते थेट तुमच्या कॉलेजला आणि जुन्या हॉस्पिटलला विचारतात, त्यामुळे अनुभवाचं सर्टिफिकेट ओळखीतून घेतलेलं असेल तर लावू नका, एकदा खोटं ठरलं की ते मागे लागून राहतं. तुमचं लायसन्स वेगळं आणि जागेचं, म्हणजे क्लिनिकचं लायसन्स वेगळं, दोन्ही लागतात.

जून 2021 पासून मेनलँडवर, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी परदेशी माणसाला मिळते, तेव्हा कुणी लोकल पार्टनरला 51 टक्के द्यावेच लागतात म्हणत असेल तर त्याला कुठल्या नियमाखाली ते विचारा. 20 लाख दिरहमच्या प्रॉपर्टीवर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, पण तो राहण्यासाठी. क्लिनिकला लागणारे पैसे फ्लॅटमध्ये घालून मग भाड्याला पैसे नाहीत अशी वेळ आणू नका.

प्रश्न : युरोपात घर घेतलं की रेसिडेन्सी मिळते, मग तिथे दवाखाना काढता येईल, बरोबर?

तो काळ बराचसा गेला. आयर्लंडने 2023 च्या फेब्रुवारीत आपली स्कीम बंद केली, पोर्तुगालने त्याच वर्षी घरखरेदीचा मार्ग काढून टाकला, स्पेनने 3 एप्रिल 2025 ला गोल्डन व्हिसाच बंद केला. डॉक्टरला जर्मनी बघण्यासारखी आहे, तिथे स्वतंत्र व्यावसायिकांसाठी कायद्यात वेगळं कलम आहे, मोठी गुंतवणूक दाखवावी लागत नाही, मात्र 45 च्या पुढच्या माणसाला म्हातारपणाची तरतूद दाखवावी लागते. वैद्यकीय जर्मनची परीक्षा आणि तिथलं लायसन्स हवं. आणि बहुतेक जनता सरकारी इन्शुरन्सवर असल्याने ते पेशंट बघायची ठरावीक जागा मिळवावी लागते, ती नसेल तर फक्त प्रायव्हेट पेशंट. आधी नोकरी करून मग दवाखाना, हा क्रम तिथे शहाणपणाचा.

प्रश्न : एच-वन-बीवर आहे, शनिवार-रविवार स्वतःची कन्सल्टिंग प्रॅक्टिस केली तर कुणाला कळणार?

करू नका. कंपनीत पैसे घालून नुसतं भागीदार राहणं चालतं, तिथे काम करणं नाही, आणि टॅक्स रिटर्नमध्ये ते दिसतंच. जानेवारी 2025 पासून नियम थोडा मोकळा झालाय, निम्म्याहून जास्त मालकी असलेल्या माणसाला स्वतःची कंपनीही एच-वन-बीसाठी स्पॉन्सर करू शकते, पण पहिल्यांदा आणि पहिल्या वाढीला 18-18 महिनेच मिळतात. करायचं तर ते उघडपणे, वकिलाकडून कागद करून करा.

प्रश्न : एजंट खरा की खोटा कसं ओळखायचं? निम्मी फी आधी मागतोय.

त्याच्याकडे नोंदणी नंबर मागा आणि तो स्वतः तपासा. ऑस्ट्रेलियासाठी एमएआरए या एजंटांच्या नोंदणी संस्थेकडे नोंदलेला एजंट, कॅनडासाठी तिथला वकील किंवा सीआयसीसी या इमिग्रेशन सल्लागारांच्या संस्थेचा सदस्य, ब्रिटनसाठी वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, अमेरिकेसाठी तिथला लायसन्सवाला वकील, या याद्या ऑनलाइन फुकट बघता येतात. मग दोन प्रश्न लेखी विचारा, माझ्या पासपोर्टवर हा व्हिसा मिळतो का, आणि माझ्या डिग्रीवर तिथे लायसन्स कोण देतं. दुसऱ्या प्रश्नावर जो म्हणेल ते नंतर बघू, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.